पाकिटावरचं तुझं अक्षर

४ जून

ताई,

आधीच्या कागदावर सवयीने 'प्रिय ताई' लिहिलं होतं. तो कागद फाडला.

आज हेडक्लार्कनी मला कर्मचाऱ्यांच्या फायली वर्षांप्रमाणे लावायला दिल्या. बसवरून उतरवल्यापासून माझं काम हेच. कागदांना भोकं पाडायची, दोरा ओवायचा, फाईल कपाटात ठेवायची. लावता लावता माझीच फाईल हातात आली. बघू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून उघडली. आत एक पांढरं पाकीट होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. वर फक्त 'मा. वाहतूक अधीक्षक यांस'.

त्या 'क्ष'कडे मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे. असा 'क्ष' काढणारी बाई जगात एकच आहे. शेपूट खाली घसरतं आणि खालच्या ओळीत जाऊन वळसा घेतं. त्या शेपटापायी तू शाळेत मार खाल्लास. मी तुझं बघून तसाच काढायला शिकले, तर मलाही मार बसला.

पाकिटात माझ्या रक्ताचा रिपोर्ट होता. तू काम करतेस त्या लॅबमधला. शुगरची तीन महिन्यांची सरासरी अकरा पूर्णांक चार टक्के, खाली लाल रेघ. सोबत चार ओळी. 'या महिला चालक इन्सुलिनवर आहेत. त्यांची शुगर आटोक्यात नाही. त्यांच्या बसमध्ये शाळेची लहान मुलं असतात. कृपया योग्य ते करावे.' सही नाही.

या महिला चालक! ताई, मी तुझ्या कडेवर वाढले गं.

लॅबमध्ये आलेला आकडा लॅबमध्येच राहिला पाहिजे, हे मला तूच ऐकवायचीस. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट तू त्यांच्या नवऱ्यालाही दाखवला नव्हतास. माझा मात्र पोस्टात टाकलास.

बरं, हेही एक वेळ गिळलं असतं. पण मावशी?

फेब्रुवारीत साहेबांनी बोलावून सांगितलं, तब्येतीबद्दल तक्रार आलीय, डॉक्टरी तपासणी होईपर्यंत बस मिळणार नाही. माझी खात्रीच झाली, हे मावशींचं काम. सहा वर्षं त्या माझ्या बसवर होत्या, मुलांना चढवायला-उतरवायला. माझं दुखणं तिथे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? आवारातल्या नळापाशी, सगळ्या ड्रायव्हरांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. 'माझ्या डब्यात जेवलात आणि माझ्याच पोटावर पाय दिलात' म्हणाले. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे येऊन रडले. आठवतंय? तू माझ्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, 'जाऊ दे गं. माणसं अशीच असतात.'

हे बोलताना तुझी जीभ कशी अडखळली नाही?

त्या दिवशी बसमध्ये मला नुसती चक्कर आली होती. मिनिटभर. ड्रायव्हर लोकांना येते कधी कधी. तेवढ्यासाठी तू माझं स्टिअरिंग काढून घेतलंस.

उद्यापासून सकाळी सातला फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

धाकटी


१७ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. 'मावशींच्या बाबतीत माझी चूक झाली. पत्राच्या बाबतीत नाही. तसं पत्र मी पुन्हाही लिहीन. फोन उचलत नाहीस तर निदान सकाळची शुगर चिठ्ठीने कळव.'

शेवटची ओळ वाचून हसू आलं. माणूस तुटलं तरी चालेल, आकडा कळला पाहिजे.

तर ऐक. तुला आता एकेक सांगायला मला मजाच येणार आहे.

गेली दोन वर्षं रोज सकाळी सातला तुझा फोन यायचा. 'किती?' मी म्हणायचे, 'एकशे अठरा.' 'छान.' कधी एकशे बत्तीस, कधी एकशे सव्वीस. अधूनमधून एकशे सत्तरही सांगायचे, खरं वाटावं म्हणून. त्या दिवशी तू मला रागवायचीस आणि मी खरोखरच ओशाळायचे! अगं, मशीन कपाटात स्वेटरांखाली पडलं होतं. त्यातला सेल कधी संपला तेही मला माहीत नाही. मी दात घासता घासता आकडे ठोकून द्यायचे.

सुई मात्र टोचून घ्यायचे हं. इन्सुलिन रोज घेतलं. पण कशावर किती घ्यायचं, ते दोन वर्षांपूर्वी तू कागदावर लिहून दिलंस तेवढंच. जेवण कमी असो, जास्त असो, वेळेवर असो नसो. मला वाटायचं, ताई बघतेय ना.

बाबांचं आठवतं? गोळ्या आईच्या हातात, पथ्य आईच्या डोक्यात, डॉक्टरांची तारीख आईच्या पदराच्या गाठीला. बाबा नुसते तोंड उघडायचे. अंगठा काळा पडला तेव्हा आईलाच म्हणाले, 'तुझं लक्ष कुठे होतं?' अंगठा त्यांचा, चप्पल त्यांची. आपण दोघी दाराआड उभ्या होतो. तू माझा हात इतका दाबलास की वळ उठला.

हे मी का लिहितेय, मलाच कळत नाही. तुला दुखवायला बसले होते.

तुझे फोन बंद झाले आणि पाचव्या दिवशी माझी तहान भागेना. पाणी प्यायचं, संडासला पळायचं, पुन्हा पाणी. हेडक्लार्क म्हणाले, 'बाई, फायली कमी आणि फेऱ्या जास्त चालल्यात.' संध्याकाळी मशीन काढलं. नवा सेल घातला. पट्ट्यांची मुदत उलटून गेली होती, नव्या आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाही न घेता, बोट टोचलं.

तीनशे बारा.

यंत्र बिघडलंय म्हणून दुसऱ्या बोटाला टोचलं. तीनशे नऊ.

खाटेवर बसून राहिले. हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सांगायला सगळ्या जगात एकच माणूस, आणि त्याच माणसाने माझा आकडा पाकिटात घातला. याचा मला तुझ्या पत्रापेक्षाही जास्त राग आला.

धाकटी


५ जुलै

ताई,

चिठ्ठीने शुगर कळवणार नाही. पण डॉक्टरांकडे गेले होते, ते सांगते. तुझ्या ओळखीच्या नव्हेत. दुसऱ्या. इथे 'तुम्ही अमक्यांची बहीण ना?' असं कुणी विचारत नाही.

तुला ठोकून दिलेले आकडे ज्यात उतरवायचे, ती जुनी वही जाताना नेली होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून चार पानं चाळली. 'तुमची शुगर फार शिस्तीची आहे,' म्हणाल्या. 'दोन महिने एकाच पेनाने, एकाच दाबाने. रविवारीसुद्धा इकडची तिकडे नाही.' मी खाली बघितलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, 'आता खरी सांगता?'

मी तीनशे बारा सांगितलं. त्या ओरडतील म्हणून मान आत घेऊन बसले होते. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मला ओरडा हवा होता की काय, कोण जाणे. तुझ्या ओरडण्याची इतकी सवय झालीय की त्याच्याशिवाय तपासणी झाल्यासारखी वाटेना.

मग विचारलं, 'सुई कुठे घेता?' मी दाखवलं, बेंबीच्या डाव्या अंगाला. दोन वर्षं तिथेच. तिथे दुखत नाही म्हणून. त्यांनी हाताने चाचपलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढी मऊ गाठ. रोज अंघोळ करते गं मी. मला ती गाठ माहीत नव्हती.

त्या म्हणाल्या, त्या गाठीत घेतलेलं इन्सुलिन नीट लागूच पडत नाही. कधी आत अडकून बसतं, कधी एकदम सुटतं. रोज जागा बदला. पण चांगल्या जागी तेवढंच घेतलंत तर शुगर धाडकन उतरेल, म्हणून आधी डोस कमी करू, आणि चार वेळा मोजा. किती वाढवायचं, किती कमी करायचं, हे त्यांनी मला शिकवलं. नुसतं सांगितलं नाही, माझ्याकडून करून घेतलं. 'दुपारी एकशे नव्वद आहे आणि दोन तासांनी तुम्ही पायी घरी जाणार आहात. काय कराल?' मी म्हणाले, 'ताईला विचारीन.' तोंडातून निघून गेलं. त्यांनी वाट बघितली. मग मी बोटांवर हिशेब करून उत्तर दिलं. अर्धं चुकलं, अर्धं बरोबर.

तू मला हे कधी का नाही शिकवलंस? तुला येत होतं. कागद लिहून दिलास, फोन केलेस, डब्यात काय आणलं ते विचारलंस. शिकवलं मात्र नाहीस. माझी शुगर तुझ्या हातात राहिलेली तुला आवडत होती का गं?

आणि मलाही.

पाय बघायला छोटा आरसा आणलाय. तळव्याला चीर होती. कधीची, देव जाणे.

धाकटी


३० जुलै

ताई,

काल मावशींकडे गेले होते. त्या आता कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावतात. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही. दारात मला बघून म्हणाल्या, 'या, ड्रायव्हरबाई.' पंखा माझ्याकडे वळवला. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण रडायला नाही गेले होते.

'मावशी, मी चुकले.'

'हो, चुकलात,' त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

पाणी प्यायले. मग विचारलं, 'तेव्हा तुम्ही का नाही म्हणालात, की मी नाही केलं म्हणून?'

'कोणत्या तोंडाने म्हणू? अर्धं मीच केलं होतं. ऑफिसात नाही सांगितलं. तुमच्या ताईंना सांगितलं. तुम्हाला चक्कर आली त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, बसमध्ये असं असं झालं. घरच्या माणसाला कळायला नको?'

'बरोबर केलंत.'

'आणि नळापाशी तुम्ही बोललात ना, त्याच रात्री जेवणं व्हायच्या आत ताई इथे. याच खाटेवर बसल्या. हात जोडले. सांगू का? त्यांनी नको म्हटलं होतं.'

'सांगा.'

'म्हणाल्या, मावशी, हा आळ थोडे दिवस अंगावर राहू द्या. खरं कळलं तर ती मला तोडेल. मग तिच्या शुगरकडे कोण बघणार?'

म्हणजे मी तुझ्याकडून रडून घरी गेले, आणि तू चपला घालून मावशींकडे!

'आणि तुम्ही हो म्हणालात?'

'म्हणाले. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न वाटला. दुसऱ्या दिवशी कामावर यायला निघाले, फाटकापर्यंत आलेही. ड्रायव्हर लोकांनी मला बघितलं आणि पाठी फिरवल्या. सहा वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायले तेच. तशीच परत फिरले.'

ताई, पत्र लिहिलंस तेव्हा तू मुलांचा विचार केलास, ते आता मला थोडंफार कळतं. पण मावशींचा तू कोणता विचार केलास? ज्या बाईने तुझ्या बहिणीचा जीव वाचवला, तिलाच तू माझ्या पुढ्यात टाकलंस. आणि कशासाठी, तर सकाळी सातला मी फोन उचलावा म्हणून. फोनवर मी तुला काय सांगत होते? एकशे अठरा!

तुम्ही दोघींनी मिळून मला सांभाळायचं ठरवलंत. मला कुणी विचारलंही नाही. बेचाळीस वर्षांची बाई मी, पन्नास आसनांची गाडी मागे घेताना एकाही खांबाला घासत नाही, आणि माझ्यापासून खरं असं लपवायचं, जशी पोरापासून कात्री.

उठताना मावशींनी विचारलं, 'आता कशी असते तब्येत?' मी वही दाखवली. त्यांना आकड्यांतलं कळत नाही. पण वेगवेगळ्या शाया बघून हसल्या.

आज सकाळी नळापाशी गेले. ड्रायव्हर चहा पीत होते. तिथेच उभी राहून मोठ्याने सांगितलं की मावशींनी ऑफिसात काही सांगितलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला. एक जण म्हणाला, 'मग कुणी सांगितलं?' मी म्हणाले, 'ते माझ्या घरातलं आहे.'

तुझं नाव घेतलं नाही. त्याला माफी समजू नकोस.

धाकटी


२१ ऑक्टोबर

ताई,

तुझी तीन पत्रं आली. वाचली. उत्तर द्यायला काही नव्हतं म्हणून दिलं नाही. 'एकदा येऊन जाऊ का' असं तू तिन्ही पत्रांत विचारलंयस.

काल माझी डॉक्टरी तपासणी झाली. त्याआधीचं थोडं सांगते.

तीन महिने रोज चार वेळा मोजलं. चुकले तेव्हा 'चुकले' असं लिहिलं. सुईची जागा पोटावर, मांडीवर, पुन्हा पोटावर, फिरवत ठेवली. एकदा फायली लावताना हात थरथरायला लागले, घाम फुटला. मोजलं तर अठ्ठावन्न. पूर्वी मी 'एवढं कपाट लावून होऊ दे' म्हणाले असते. जमिनीवर बसले, ग्लुकोज खाल्लं, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत राहिले, पुन्हा मोजलं. हेडक्लार्क घाबरून म्हणाले, 'कुणाला बोलावू का?' मी म्हणाले, 'नको. झालंच.' तेही वहीत लिहिलं. सरासरी अकरावरून सात पूर्णांक सहावर आलीय. हा आकडा तुझ्या लॅबमधून नाही, म्हणून तुला माहीत नसणार. आता मी आपणहून सांगतेय.

तपासणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वही बघितली, रिपोर्ट बघितला, पाय बघितले, डोळे बघितले. 'उत्तम,' म्हणाले. फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न छापलेला होता. वाहन चालवताना शुगर उतरून कधी भान हरपलं होतं का? हो किंवा नाही.

ताई, तुझ्या त्या पत्रात बसमधल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नव्हतं. मावशींना त्रास होईल म्हणून की मला, ते तुलाच ठाऊक. कुठल्याही फायलीत त्याची नोंद नाही. फायली मीच लावते, मला माहीत आहे. 'नाही'वर खूण केली असती तर सोमवारपासून बस माझी होती.

तुलाही मी आजपर्यंत 'मिनिटभर चक्कर' असंच सांगत आले. काय झालं होतं ते आता लिहिते.

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे रक्त द्यायला यायचं होतं. तुला आकडा चांगला दिसावा म्हणून मी दोन दिवस आधीपासूनच खाणं तोडलं होतं. त्या सकाळी चार युनिट जास्त घेतलं आणि नाश्ता केला नाही. एकतीस मुलं बसमध्ये. शाळेचं फाटक आलं आणि मी तशीच पुढे गेले. मुलांना वाटलं गंमत आहे, ती ओरडायला लागली. मला ते ओरडणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं येत होतं. बस रस्त्याच्या उजव्या अंगाला जात होती, हे मला दिसत होतं, पण त्याचं काही करायचं असतं हे सुचत नव्हतं. समोरून खडीचा ट्रक येत होता. मावशी मागच्या सीटवरून धावत आल्या आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. एका मुलीच्या बाटलीतलं सरबत त्यांनी माझ्या तोंडाला लावलं, तर मी त्यांचा हात झिडकारला. शिवी दिली. मुलांसमोर. त्यांनी माझं नाक दाबून सरबत पाजलं. भानावर आले तेव्हा पहिलं वाक्य मी काय बोलले असेन? 'मावशी, पंक्चर झालं होतं असं सांगायचं.'

हे मी केलं, ताई. ट्रकवाल्याने नाही, तू नाही.

मी 'हो'वर खूण केली. अधिकाऱ्यांनी ती बघितली, मग माझ्याकडे. 'हे कुठेच नोंदलेलं नाही.'

'मी पंक्चर सांगितलं होतं.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'बाई, असं झालं असेल तर त्या तारखेपासून दोन वर्षं मुलांची बस मिळत नाही. तुमचे कागद इतके चांगले आहेत. हवं तर दुसरा फॉर्म देतो, घरी नेऊन विचार करून भरा.'

भले माणूस होते. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. त्या खोलीत पंखा फिरत होता आणि मी तो बघत बसले.

'एकतीस मुलं होती,' मी म्हणाले. त्यांनी शिक्का मारला.

बाहेर येऊन बाथरूममध्ये पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि ऑफिसात जाऊन फायलींना बसले.

मावशींना साहेबांनी परत बोलावलं होतं. मी अर्ज दिला होता. त्या नको म्हणाल्या. बटणांचं काम बसून असतं, गुडघ्यांना बरं पडतं, म्हणाल्या. खरं कारण ते नसावं. माझ्या तोंडाने आणि तुझ्या हात जोडण्याने जे गेलं ते परत जागेवर बसवता आलं नाही.

माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पाकीट आठवलं की कमी होतो, केसांतून फिरणारा तुझा हात आठवला की वाढतो. मी तुझ्याशी दोन वर्षं रोज खोटं बोलले, याचीही मला लाज वाटते. पण त्या लाजेने तुझं खोटं पुसलं जात नाही. दोन्ही असू देत.

माझ्याकडे यायच्या आधी तू मावशींकडे जाऊन ये. मला सांगू नकोस काय बोललीस ते. त्या तुला पाणी देतील, पंखा तुझ्याकडे वळवतील, आणि तू जे बोलशील त्याला 'हो' म्हणतील. ते ऐकून घे. त्यानंतर ये, कधीही.

आणखी लिहिलं असतं, पण इंजेक्शन घेऊन दहा मिनिटं झालीत. आता जेवायला बसायलाच हवं.

धाकटी